क्रिएटिनीन १.६, वजन ४४ : किडनी-लिव्हरच्या रुग्णाचा डोस कसा ठरवायचा

चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी. मधुमेह जुना, उंची १४८ सेंटिमीटर, वजन ४४ किलो. कमरेवर नागीण उठली म्हणून दाखवायला आल्या आणि चिठ्ठी मिळाली: असायक्लोविर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, प्रीगाबालिन ७५ सकाळ-संध्याकाळ, वर दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक. चिठ्ठीत चूक शोधू गेलं तर सापडणार नाही, नागिणीला हेच देतात. तिसऱ्या दिवशी आजींना भिंतीवर मुंग्या दिसू लागतात, हाताला झटके येतात, उठलं की तोल जातो. घरचे घाबरतात, कारण नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस जातो असं त्यांनी ऐकलेलं असतं.

नागिणीचा यात काही संबंध नाही. आजींचं क्रिएटिनीन (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा; किडनी मंदावली की आकडा वाढतो) १.६ आहे आणि तो रिपोर्ट पिशवीतच राहिला. वॉर्डात चिठ्ठ्या तपासण्याचं काम करताना ही गोष्ट मला दरवर्षी दोन-चार वेगवेगळ्या चेहऱ्यांनी भेटते, म्हणून इथे या एका आजींच्या रूपात मांडली आहे. लेख मुख्यतः नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स यांच्यासाठी आहे. रुग्ण किंवा घरची मंडळी वाचत असतील तर एक विनंती: यातला आकडा पाहून घरी गोळी अर्धी करू नका. डॉक्टरांना काय विचारायचं, तेवढं मात्र यातून नक्की घ्या.

पायरी १ : क्रिएटिनीन स्थिर आहे का, हे आधी पाहा

सगळी सूत्रं एक गोष्ट गृहीत धरतात, की आजचं क्रिएटिनीन काल-परवाही साधारण एवढंच होतं. जुलाब-उलट्या होऊन लघवी कमी झालेल्या माणसाचं क्रिएटिनीन आज १.४ असेल, तर त्याची किडनी १.४ची नाही. ती कदाचित जवळपास बंद पडलेली आहे आणि रक्तातला आकडा अजून चढतोय. क्रिएटिनीन किडनीच्या मागून एक-दोन दिवसांनी चालतं. बरं होतानाही तसंच: लघवी सुटलेली असते, आकडा मात्र अजून वरच दिसतो. म्हणून जुना रिपोर्ट मागवा. सहा महिन्यांपूर्वीचा कागद हातात असला तर निम्मं काम झालं. जुना रिपोर्ट नसेल तर दुसऱ्या दिवशी तपासणी पुन्हा करा आणि तोवर लघवीचं माप ठेवा.

काही वेळा आकडाच फसवतो. स्नायू झडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसात क्रिएटिनीन तयारच कमी होतं, त्यामुळे ०.८ पाहून खूश होण्यात अर्थ नसतो. उलट बाजूने, ट्रायमेथोप्रिम किंवा एचआयव्हीच्या उपचारातलं डोल्युटेग्राविर क्रिएटिनीनचा बाहेर पडण्याचा एक रस्ता अडवतं. आकडा थोडा वाढतो, किडनी मात्र होती तशीच काम करत असते.

पायरी २ : त्या माणसाचा आकडा काढा

रिपोर्टवर आजकाल ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली गाळते याचा अंदाज, छापून येतो. आजींच्या बाबतीत २०२१च्या सूत्राने तो साधारण ३४ येतो. पण हा आकडा १.७३ चौरस मीटर अंगाच्या, म्हणजे बऱ्यापैकी धिप्पाड माणसाच्या मापाने दिलेला असतो. आजींच्या अंगाचं क्षेत्रफळ जेमतेम १.३५ भरतं. त्या मापाने ३४चे २६ होतात.

दुसरा रस्ता जुना आहे: कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६चं सूत्र. १४०मधून वय वजा करा, वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनीनने भागा, आणि स्त्री असेल तर ०.८५ने गुणा. आजींसाठी ६६ गुणिले ४४ म्हणजे २९०४, भागिले ११५.२ म्हणजे २५.२, गुणिले ०.८५ म्हणजे २१. मिनिटाला २१ मिली; यालाच पुढे क्लिअरन्स म्हटलं आहे. हे सूत्र बेतलं होतं पुरुष रुग्णांवर, आणि बायकांसाठीचा तो ०.८५ हा अंदाजाने लावलेला आकडा आहे. तरीही औषधांच्या माहितीपत्रकांतल्या डोसच्या मर्यादा बहुतांशी याच सूत्रावर ठरलेल्या असल्यामुळे डोससाठी ते अजून वापरात आहे.

३४, २६, २१. एकाच बाईंचे, एकाच दिवशीचे तीन आकडे. यातला खरा कोणता, यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी एवढंच पाहतो: औषध विषारी असेल आणि जास्त झाल्यास जिवावर बेतणारं असेल, तर लहान आकडा धरायचा. औषध सौम्य असेल, किंवा कमी पडल्यास जिवावर बेतणारं असेल, तर मोठा. मेटफॉर्मिनसारख्या काही औषधांच्या मर्यादा थेट ईजीएफआरवर लिहिलेल्या आहेत, तिथे तोच धरा.

वजन कोणतं घ्यायचं? बारीक माणसाचं प्रत्यक्ष वजन. फार स्थूल माणसात आदर्श वजन अधिक जादा वजनाचा ४० टक्के भाग. आणि वजन विचारू नका, काट्यावर उभं करा. ‘पन्नासेक असेल’ म्हणणाऱ्या आजी ४४ भरतात.

पायरी ३ : औषध कुठून बाहेर पडतं ते शोधा

किडनी बिघडली म्हणून सगळ्याच औषधांना कात्री लावायची नसते. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, लिनाग्लिप्टिन यांना किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन पित्तातूनही जातं, त्यामुळे एकटी किडनी किंवा एकटं लिव्हर बिघडलं तर ते निभावून नेतं. दोन्ही बिघडली तर दिवसाला २ ग्रॅमवर थांबावं.

याउलट असायक्लोविर, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, लिव्होफ्लोक्सासिन, मेरोपेनेम, अमिकासिन, व्हँकोमायसिन, डिगॉक्सिन, लिथियम, लिव्हेटिरासेटम ही जवळजवळ पूर्ण किडनीवर अवलंबून असलेली मंडळी. काहींच्या बाबतीत मूळ औषध लिव्हर मोडतं, पण मोडून तयार झालेला तुकडा किडनीतून जातो आणि तोच घात करतो. मॉर्फिन यातलं ठळक उदाहरण. पेथिडिनचा तुकडा साठला तर फिट येते, म्हणून किडनीच्या रुग्णात ते नकोच. वेदना तीव्र असेल तर फेंटानिल जास्त सोयीचं. ट्रॅमाडॉल द्यायचंच झालं तर क्लिअरन्स ३०च्या खाली असताना दर बारा तासांनी, दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत.

पायरी ४ : पहिला डोस आणि पुढचे डोस वेगळे धरा

इथे फार जण घसरतात. पहिला डोस भांडं भरण्यासाठी असतो आणि भांड्याचं आकारमान किडनीवर सहसा ठरत नाही. पुढचे डोस म्हणजे गळती भरून काढणं, आणि गळती किडनीवर ठरते. त्यामुळे व्हँकोमायसिनचा पहिला डोस किडनी कशीही असो, वजनाप्रमाणे पूर्ण द्यायचा. लिव्होफ्लोक्सासिन ५००च्या वेळापत्रकात क्लिअरन्स २० ते ४९ असेल तर पहिल्या दिवशी ५००च, नंतर रोज २५०. पहिलाच डोस अर्धा केला तर रक्तात हवी ती पातळी यायला कित्येक दिवस लागतात, कारण किडनी मंदावली की अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) वाढतं आणि पातळी स्थिर व्हायला चार-पाच अर्धायुष्यं जावी लागतात. डिगॉक्सिन मात्र अपवाद. किडनी पार गेली असेल तर त्याचं भांडंच लहान होतं, म्हणून तिथे सुरुवातही कमीच.

पुढचे डोस कमी करायचे दोन मार्ग: गोळी लहान करा किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवा. अमिकासिन-जेंटामायसिनसारखी औषधं जंतूंना एका उंच लाटेने मारतात आणि मधल्या काळात रक्त रिकामं राहिलं तर किडनी-कान वाचतात. तिथे मात्रा तीच ठेवून अंतर वाढवा आणि रक्तातली पातळी तपासा. पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन-मेरोपेनेम गटात पातळी जास्तीत जास्त वेळ टिकवायची असते. पातळी खाली गेली की त्रास सुरू होतो अशा औषधांत, उदाहरणार्थ फिटच्या गोळ्यांत, लहान गोळी बरी.

पायरी ५ : कमी करण्याची किंमतही मोजा

सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडू लागलेल्या अवस्थेत) आलेल्या रुग्णाचं क्रिएटिनीन २.२ असतं आणि कुणीतरी पहिल्याच तासाला मेरोपेनेम अर्धं करतं. माझ्या मते ही जास्त डोसपेक्षा मोठी चूक. सलाईन आणि बीपी सावरल्यावर बऱ्याच रुग्णांची किडनी दोन दिवसांत परत वळते, आणि तोवर जंतूंना अर्धाच मार बसलेला असतो. अशा औषधांची सुरक्षिततेची पट्टी रुंद असते. पहिले ४८ तास पूर्ण डोस द्या, मग क्रिएटिनीन पाहून ठरवा. सेफेपिम या अँटिबायोटिकवर लक्ष जास्त ठेवा; रुग्ण अचानक बरळायला लागला तर आधी त्याच्याकडे बोट जायला हवं.

आता आजींची चिठ्ठी पुन्हा लिहू

क्लिअरन्स १० ते २५मध्ये असायक्लोविर ८०० दर आठ तासांनी, म्हणजे पाचऐवजी तीन वेळा. सोबत पाणी पुरेसं, कारण कमी पाण्यात हे औषध किडनीच्या नलिकांत स्फटिकासारखं बसतं. प्रीगाबालिनची १५ ते ३०मधली दिवसाची मर्यादा २५ ते १५० मिलिग्रॅम. आजींच्या वयाला २५ मिलिग्रॅम रात्री, आणि चार-पाच दिवसांनी तोल आणि गुंगी पाहून वाढ. डायक्लोफेनॅक नाहीच. त्याऐवजी पॅरासिटामॉल ५००, ४४ किलोंच्या आजींना दिवसाला २ ग्रॅमच्या आत. ज्या आजी आधीच बरळू लागल्या आहेत त्यांचं असायक्लोविर आणि डायक्लोफेनॅक लगेच थांबवून क्रिएटिनीन आणि पोटॅशियम पुन्हा करायचं आणि किडनीच्या डॉक्टरांना फोन करायचा. गरज पडली तर डायलिसिसने असायक्लोविर बाहेर काढता येतं.

आणि पिशवीतल्या बाकीच्या गोळ्या? नागिणीच्या गडबडीत त्या कुणी पाहतच नाही. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३०च्या खाली बंद, ३० ते ४५मध्ये नव्याने सुरू करायचं नाही, आधीपासून असेल तर दिवसाला १ ग्रॅमपर्यंत. ग्लिबेनक्लामाइड किडनीच्या रुग्णात ठेवूच नका. त्याने साखर रात्री पडते आणि दुसऱ्या दिवशी सलाईनवरही पुन्हा पडते. ग्लिपिझाइड किंवा ग्लिक्लाझाइड बरं. सिटाग्लिप्टिन ३० ते ४५मध्ये ५०, त्याखाली २५. इन्सुलिनही बरंचसं किडनी नष्ट करते, म्हणून किडनी खालावत गेली की तेच युनिट जड होऊ लागतात. ‘आईची साखर आता आपोआप सुधारली’ असं मुलगा आनंदाने सांगतो तेव्हा माझा हात क्रिएटिनीनच्या रिपोर्टकडे जातो.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांत अ‍ॅपिक्साबॅनचा हिशेब सोपा आहे. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णात वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनीन १.५ किंवा जास्त, या तीनपैकी दोन जुळले तरच ५ ऐवजी २.५. एकच जुळलं म्हणून डोस उतरवला तर लकवा रोखण्याचं काम अर्धवट राहतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांत ६० किलोची अट सहज पुरी होते, त्यामुळे दुसरी अट काळजीने तपासा. एनॉक्सापॅरिन क्लिअरन्स ३०च्या खाली असेल तर किलोला १ मिलिग्रॅम, पण दिवसातून दोनदाऐवजी एकदा.

डायलिसिसच्या रुग्णांत डोसपेक्षा वेळ महत्त्वाची. गॅबापेंटिन, लिव्हेटिरासेटम, बरीच अँटिबायोटिक्स मशीन धुऊन नेतं. सकाळी सातला गोळी आणि आठला डायलिसिस म्हणजे औषध नळीतून गेलं. चिठ्ठीवर ‘सोम-बुध-शुक्र, डायलिसिस झाल्यावर’ असं मराठीत लिहा. केमिस्टलाही कळतं.

लिव्हरचं गणित निराळं

किडनीसाठी निदान एक सूत्र तरी आहे. लिव्हर किती औषध मोडतंय हे सांगणारा एकही रक्ततपास नाही, आणि पहिला गैरसमज इथेच होतो. एसजीपीटी (लिव्हरचं एक एन्झाइम) १८०० असलेला कावीळचा कॉलेजकुमार आणि एसजीपीटी ३८ असलेला सिरॉसिसचा (लिव्हर निबर होऊन आक्रसलेला) माणूस यांत डोस कुणाचा बदलायचा? बहुतेक जण पहिल्याकडे बोट दाखवतात. पण एसजीपीटी सांगतं पेशी किती फुटताहेत. उरलेल्या पेशी काम किती करतात, ते त्यातून कळत नाही. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.१ असलेल्या त्या मुलाला लिव्हरला इजा करणारी औषधं टाळली की बहुधा पुरतं. आयएनआर चढू लागला तर मात्र तो इमर्जन्सी रुग्ण.

दुसऱ्या माणसाकडे नीट पाहू. वय ५२, दारू, बिलिरुबिन २.६, अल्ब्युमिन २.६, आयएनआर १.८, पोटात थोडं पाणी, शुद्ध स्वच्छ. चाइल्ड-प्यू, म्हणजे सिरॉसिस किती पुढे गेलाय ते मोजणाऱ्या, गुणांनी: बिलिरुबिन २ ते ३ म्हणून २ गुण, अल्ब्युमिन २.८च्या खाली म्हणून ३, आयएनआर १.७ ते २.३ म्हणून २, थोडं पाणी २, गुंगी नाही १. बेरीज १०. पाच-सहा म्हणजे ए, सात ते नऊ बी, दहापासून पुढे सी. एसजीपीटी नॉर्मल असूनही हा माणूस ‘सी’मध्ये बसतो.

याला काय बदलायचं? पोटातून गेलेली काही औषधं निरोगी लिव्हर पहिल्याच फेरीत बरीचशी संपवतं: प्रोप्रानोलॉल, व्हेरापामिल, मॉर्फिन, मिडाझोलाम. सिरॉसिसमध्ये रक्त लिव्हरला वळसा घालून जातं आणि तीच गोळी कितीतरी पट जोराने लागते. त्यामुळे यांची तोंडावाटे सुरुवातच छोट्या डोसने. डायझेपामसारखी हळू मोडणारी औषधं दिवसेंदिवस साठत जातात. झोपेची गोळी द्यायचीच वेळ आली तर लोराझेपाम त्यातल्या त्यात बरं, तेही कमीत कमी. मेट्रोनिडाझोल ‘सी’मध्ये निम्मं, ऑन्डान्सेट्रॉन दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या आत. पॅरासिटामॉलला उगाच घाबरतात. दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ६५०च्या तीन गोळ्या, सिरॉसिसमध्ये दुखण्यावर तेच पहिलं औषध. त्याला घाबरून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिलं की जलोदराच्या रुग्णाची किडनी बसते. जलोदरात रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि अमिकासिन-जेंटामायसिनही टाळा.

या माणसाचं क्रिएटिनीन १.१ आलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. स्नायू झडलेले, शिवाय बिलिरुबिन खूप वाढलेलं असलं तर क्रिएटिनीन मोजायच्या जुन्या पद्धतीत आकडा खोटा कमी दिसतो. सिरॉसिसचा रुग्ण हा किडनीचाही रुग्ण आहे असं धरूनच चिठ्ठी लिहावी. अल्ब्युमिन कमी असल्याने फेनिटॉइनची एकूण पातळीही फसवी येते. मोजलेली पातळी भागिले (०.२ गुणिले अल्ब्युमिन, अधिक ०.१) असा हिशेब करा. अल्ब्युमिन २.५ आणि पातळी ९ असेल तर खरी किंमत १५. म्हणजे ‘९ कमी आहे, डोस वाढवा’ हा निर्णय रुग्णाला झोकांड्या खायला लावणारा.

टीबीच्या गोळ्या : दोन्ही प्रश्न एकत्र

सरकारी चार-एकात-एक गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असतं. किडनीचं काम ३०च्या खाली गेलं किंवा डायलिसिस सुरू असेल तर पहिली दोन रोज नेहमीच्याच डोसने, पण पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल आठवड्यातून तीनदाच, डायलिसिसनंतर. एकत्र गोळीत हे जमत नाही, सुट्या गोळ्या मागवाव्या लागतात. इथॅम्ब्युटॉल साठलं तर नजर जाते, म्हणून दर महिन्याला लाल-हिरवा रंग ओळखायला लावा आणि भिंतीवरचा तक्ता वाचून घ्या.

लिव्हरसाठी नियम असा की उलट्या, कावीळ, पोटदुखी असेल आणि एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पट झालं, किंवा काहीच त्रास नसताना पाचपट झालं, तर आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड तिन्ही थांबवा. अर्धा डोस करून रेटू नका. इथे डोस कमी करून प्रश्न सुटत नाही आणि जंतूंना प्रतिकार शिकवला जातो. आकडा दुपटीच्या खाली आला की एकेक औषध परत, सहसा रिफाम्पिसिन आधी. पायराझिनामाइड अनेकदा परत देतच नाहीत.

पिशवी उलटी करा

चिठ्ठीवर नसलेली औषधं विचारल्याशिवाय कळत नाहीत. गुडघेदुखीची मेडिकलमधून आणलेली रोजची गोळी, अ‍ॅसिडिटीची मॅग्नेशियम असलेली पांढरी बाटली, कमी सोडियमच्या नावाखाली आणलेलं पोटॅशियमचं मीठ, भस्म, काढे. २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वाद काही असो, लिव्हर बिघडलेल्या माणसाचा काढा मी थांबवायलाच सांगतो. रागावून विचारलं तर लोक लपवतात. ‘आजी, गुडघ्याला काय लावता, काय खाता?’ असं विचारलं की सगळं बाहेर येतं.

किडनीच्या प्रत्येक रुग्णाला एक कागद द्या: जुलाब, उलट्या किंवा तापात खाणं-पिणं सुटलं तर मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिनसारखी साखर लघवीवाटे काढणारी गोळी, लघवीची गोळी आणि रॅमिप्रिल-टेल्मिसार्टन तेवढे दिवस थांबवून फोन करायचा, इन्सुलिन मात्र मनाने बंद करायचं नाही. विदर्भातल्या मे महिन्यात आणि पायी वारीला निघणाऱ्यांसाठी हा कागद फार कामाचा. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन नव्याने सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम पाहा. क्रिएटिनीनमध्ये ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, तेवढ्याने गोळी बंद करू नका.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे आणि तेच राहून जातं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहा: वजन ४४, क्रिएटिनीन १.६, क्लिअरन्स २१, तारीख, आणि पुढची तपासणी कधी. पुढच्या वेळी आजी खोकला घेऊन दुसऱ्याच डॉक्टरांकडे जातील, तेव्हा लिव्होफ्लोक्सासिन लिहिण्याआधी त्यांची नजर त्या कोपऱ्यावर पडेल.